परदेशातील उन्हाळी शाळा: त्रिएस्तेचे दोन आठवडे आणि नंतरचे वर्ष

मेणवली:
नमस्कार. मी हवामानशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. गेल्या वर्षी जून महिन्यात इटलीतील त्रिएस्ते येथे, आयसीटीपी या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्रात, प्रादेशिक हवामान मॉडेलांवरील दोन आठवड्यांच्या उन्हाळी शाळेला मी जाऊन आले. त्याला आता वर्ष होत आले असून, जाऊन आल्यावर जे मिळाले ते टिकवायचे कसे, हा प्रश्न मला सतत पडतो. तो विचारण्यासाठीच हा धागा काढत आहे. मात्र काय मिळाले हे आधी सांगितल्याशिवाय प्रश्नाला अर्थ येणार नाही.

त्रिएस्ते हे इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील, स्लोव्हेनियाच्या सीमेला खेटून असलेले बंदर. केंद्राच्या इमारती शहराबाहेर मिरामारेच्या बागेला लागून आहेत आणि खाली एड्रियाटिक समुद्र आहे. सकाळी व्याख्याने, दुपारी संगणकावर सराव आणि संध्याकाळी त्या सरावात अडलेल्या गोष्टी एकमेकांना समजावून सांगणे, असा दिवस जाई. जूनमध्ये तेथे रात्री नऊच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळ फार लांब वाटते.

माझे गाव वाई. हवामानाचे मॉडेल म्हणजे वारा-पावसाचे गणित सोडवणारी संगणकाची आज्ञावली. ती नकाशावर चौकोनांची जाळी टाकते आणि प्रत्येक चौकोनाला पावसाचा एकच आकडा देते. चौथ्या दिवशी दुपारी आम्हांला ५० किलोमीटरचे चौकोन असलेल्या जाळीवर भारतातील जुलै महिन्याचा पाऊस मॉडेलमध्ये चालवून पाहायला सांगितले होते. पडद्यावर नकाशा उमटला तेव्हा मी सवयीने आधी वाई शोधली. जाळीच्या ज्या चौकोनात महाबळेश्वर होते त्याच चौकोनात वाईही होती आणि मॉडेलने दोन्ही गावांना सारखाच पाऊस दिला होता. प्रत्यक्षात महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आले की तो ८०० मिलिमीटरच्याही आत येतो. मी हात वर केला आणि म्हटले, "माझ्या गावात इतका पाऊस कधीच पडत नाही."

शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावरची चित्रे बंद केली, खडू घेतला आणि मला फळ्यापाशी बोलावून सह्याद्रीचा छेद काढायला सांगितले. मी कोकणाची सपाट पट्टी, एकदम उभा चढलेला कडा, माथा आणि पूर्वेचा उतार काढला. त्याखाली त्यांनी मॉडेलला दिसणारा सह्याद्री काढला. ५० किलोमीटरच्या चौकोनातील सगळ्या उंचीची सरासरी निघाल्यावर कडा नाहीसा होतो आणि उरतो एक बुटका, गोलसर उंचवटा. वारा त्यावर हळूहळू चढतो, पाऊस पसरतो आणि पर्जन्यछाया पुसली जाते. मग त्यांनी वर्गाला विचारले की असा डोंगर आणखी कोणाच्या देशात आहे. पेरू, इथिओपिया आणि नेपाळ येथील तिघे उठले आणि प्रत्येकाने आपापला डोंगर फळ्यावर काढला. फळा भरून गेला. त्या दिवशी मॉडेल म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळले, असे मी मनापासून म्हणू शकते.

आम्ही चौघांनी परत आल्यावर एकत्र काम करायचे ठरवले, गट तयार केला, दोन महिने उत्साहाने लिहिले. नंतर प्रत्येकाची परीक्षा, शिकवणी, घर. आता त्या गटावर फक्त नववर्षाच्या शुभेच्छा येतात. माझ्या विभागात या विषयावर बोलायला दुसरे कोणी नाही. ज्यांनी परदेशातील अशा शाळा केल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे: वर्षभरानंतर, पाच वर्षांनंतर तुमच्यापाशी काय उरले आणि ते कशामुळे उरले?

केतकीबन:
अभिनंदन, मेणवली. फळ्यावरचे चार डोंगर डोळ्यांसमोर उभे राहिले. शाकाहारी असाल तर जेवणाचे काय केलेत, हेही लिहा. माझी भाची पुढच्या वर्षी युरोपात जाणार आहे.

मेणवली:
केतकीबन, अडचण आली नाही. उपाहारगृहात पास्ता, भाजलेली वांगी, भोपळी मिरची आणि पावटे-वाटाणे रोज असत. पहिले दोन दिवस आईने दिलेल्या दशम्या पुरल्या आणि मेतकूट शेवटपर्यंत पुरले. भाचीला एवढेच सांगा की इटलीत नुसते 'लाते' मागितले तर दूध मिळते. त्रिएस्तेत तर कॉफीची नावेही वेगळी आहेत. तेथे साध्या एस्प्रेसोला 'नेरो' आणि थोडे दूध घातलेल्या कॉफीला 'कापो' म्हणतात.

जुना_खडू:
मी अठ्ठावीस वर्षे पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवले. आपला अनुभव वाचून आनंद झाला, पण एक मतभेद नोंदवतो. यासाठी परदेशी जायलाच हवे का? बेंगळुरूला २००७ साली सुरू झालेले आयसीटीएस हे सैद्धांतिक विज्ञानांचे केंद्र वर्षभर अशाच शाळा घेते, पुण्यात खगोलशास्त्रासाठी आयुका आहे, हवामानासाठी आयआयटीएम ही संस्था आहे. त्रिएस्तेतील व्याख्यानांची चित्रफीतही जालावर उपलब्ध असते. व्हिसा, विमान, तीन महिन्यांची धावपळ, एवढे करून जे मिळते ते येथेच मिळवण्याचा आग्रह आपण का धरू नये? परदेश म्हटले की पालकांचे डोळे दिपतात आणि देशातल्या उत्तम शाळेला अर्ज करायचे राहून जाते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रवरा:
जुना_खडू सरांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत आणि त्यात थोडी भर घालते, कारण माझा मुलगा अकरावीत असताना आम्ही या बाबतीत चूक करता करता थांबलो. इंग्लंडमधील एका नामांकित विद्यापीठाच्या गावी दोन आठवड्यांची 'समर स्कूल', राहणे-जेवण धरून काही लाख रुपये, अशी जाहिरात आमच्याकडे आली. पत्रकावर जुन्या दगडी इमारतीचे छायाचित्र होते. बारकाईने वाचल्यावर लक्षात आले की ती शाळा विद्यापीठाची नसून एका खाजगी कंपनीची होती. सुटीत रिकाम्या असलेल्या वसतिगृहांच्या खोल्या आणि वर्ग ती भाड्याने घेत होती. प्रमाणपत्रही कंपनीचेच मिळणार होते आणि त्याचा प्रवेशाशी काडीचा संबंध नव्हता.

अशा ठिकाणी मुलांना काहीच मिळत नाही असे मी म्हणत नाही. पण पालकांनी तीन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत: शिकवणारे नेमके कोण आहेत, प्रमाणपत्रावर नाव कोणाचे असेल आणि निवड होते की पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळतो. मेणवली, आपल्या शाळेचे शुल्क किती होते, हे लिहिलेत तर इतरांना तुलना करता येईल.

मेणवली:
प्रवरा, शुल्क नव्हते. आयसीटीपीच्या शाळांना नोंदणीशुल्क नसते आणि विकसनशील देशांतून निवडलेल्या काही विद्यार्थ्यांना प्रवास व राहण्याचा खर्चही मिळतो. मला राहणे-जेवण आणि अर्धे विमानभाडे मिळाले, उरलेले घरून. निवड मात्र होते. अर्जासोबत मार्गदर्शकांचे शिफारसपत्र आणि आपण काय करीत आहोत याचे एक पान द्यावे लागते.

जुना_खडू सर, चित्रफिती मी जाण्यापूर्वीच पाहिल्या होत्या. त्या फार उपयोगी पडल्या आणि देशातल्या शाळांबद्दल आपण म्हणता ते खरेच आहे. आयसीटीएसला मी याच वर्षी अर्ज करणार आहे. पण चित्रफीत पाहताना माझी वाई कोणाला दिसली नसती. शिवाय सह्याद्रीचा प्रश्न आणि अँडीजचा प्रश्न एकच आहे, हे पेरूची मुलगी शेजारी बसलेली होती म्हणून मला समजले. डोंगराच्या एका अंगाला ओले आणि दुसऱ्या अंगाला कोरडे असणारे देश एका खोलीत आले, हा त्या शाळेतला सर्वांत मोठा धडा होता.

शाईचा_डाग:
माझा विषय भौतिकशास्त्र नाही, जर्मन आहे. पुण्यात जर्मन शिकत असताना डीएएडी या शिष्यवृत्त्या देणाऱ्या जर्मन संस्थेच्या उन्हाळी अभ्यासक्रमाच्या शिष्यवृत्तीवर मी एक महिना जर्मनीत होतो. तेरा वर्षे झाली. आमच्या वर्गात चौदा देशांचे विद्यार्थी होते आणि सगळ्यांना समजणारी भाषा एकच होती, ती म्हणजे आमची मोडकी जर्मन. पुण्यात अडले की आम्ही मराठीत किंवा इंग्रजीत पळून जात असू. तेथे पळायला वाट नव्हती. पहिल्या आठवड्यात मी शनिवारी सामान आणायला विसरलो आणि रविवारी सगळी दुकाने बंद असल्याचे पाहून शेजारच्या खोलीतल्या जॉर्जियाच्या मुलाचे दार वाजवले. व्याकरणाच्या सगळ्या चुका करीत मी त्याच्याकडे पाव मागितला आणि आम्ही दोन तास बोलत बसलो. जर्मन बोलताना माझी जीभ त्या दिवशी मोकळी झाली.

आपल्या प्रश्नाचे उत्तर: माझ्यापाशी तो जॉर्जियाचा मित्र उरला आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकमेकांना जर्मनमध्ये एक पानाचे पत्र लिहितो. वार ठरलेला आहे, पान ठरलेले आहे. 'कधीतरी लिहू' असे ज्या बारा जणांशी ठरले होते, त्यांच्यापैकी एकाशीही आज संबंध नाही.

गोदातीर:
मेणवली ज्या केंद्रात गेल्या त्याचा जन्मच या एकटेपणाच्या प्रश्नातून झाला आहे, म्हणून थोडे अवांतर वाटले तरी लिहितो. केंद्राचे संस्थापक, पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम केंब्रिजहून १९५१ साली लाहोरला परतले तेव्हा त्यांच्या विषयावर बोलायला आसपास कोणी नव्हते. कॉलेजने त्यांना अध्यापनाखेरीज फुटबॉल संघाची जबाबदारी दिली होती. त्या काळात नामवंत भौतिकशास्त्रज्ञ वुल्फगांग पाउली मुंबईला आले होते आणि सलाम त्यांना भेटायला लाहोरहून मुंबईला गेले. परतल्यावर, परवानगीशिवाय कामाचे ठिकाण सोडले म्हणून त्यांच्याकडे खुलासा मागण्यात आला. १९५४ मध्ये ते देश सोडून पुन्हा केंब्रिजला गेले. विज्ञान करायचे तर देश सोडावा लागतो ही निवड पुढच्या पिढीवर येऊ नये, म्हणून १९६४ साली त्यांनी त्रिएस्तेत हे केंद्र उभे केले. आपापल्या देशात राहून काम करणाऱ्यांनी अधूनमधून तेथे यावे, ताजे होऊन परत जावे, अशी ती कल्पना होती. त्यांना १९७९ साली नोबेल मिळाले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९९७ मध्ये केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. या केंद्राचे संचालकपद २०१९ साली अतीश दाभोलकर यांनी स्वीकारले. 'प्रयोग परिवार' उभा करणारे श्रीपाद दाभोलकर हे त्यांचे वडील. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातले प्रयोग एकमेकांना सांगून शिकावे, असे म्हणणाऱ्या माणसाचा मुलगा अशा केंद्रात असावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

मेणवली:
गोदातीर, सलाम यांच्या खुलाशाची गोष्ट वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही. मलाही रजेसाठी आणि ना हरकत प्रमाणपत्रासाठी एका कार्यालयात अकरा वेळा जावे लागले आणि "दोन आठवड्यांत असे काय शिकणार?" हा प्रश्न ऐकावा लागला. कागद वेळेवर न मिळाल्याने व्हिसाची तारीख पुढे गेली आणि पासपोर्ट विमानाच्या आदल्या दिवशी हातात पडला. तो प्रश्न विचारणाऱ्याचा राग तेव्हा आला होता. आज वाटते की परत आल्यावर मी त्या कार्यालयालगतच्या वर्गात एक तास जरी शिकवले असते, तरी त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते.

सातपुडा:
व्हिसाचा विषय निघाला आहे म्हणून जाणाऱ्यांसाठी लिहितो. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे इटली-फ्रान्स-जर्मनीसह युरोपातील बहुतेक देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा निमंत्रणपत्र हातात पडले की त्याच आठवड्यात भेटीची वेळ घ्यावी. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. प्रवासविम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे लागते. संस्था खर्च उचलत असेल तर तसे पत्रात स्पष्ट लिहून घ्यावे आणि तरीही बँकेचे उतारे सोबत ठेवावेत.

इंद्रधनू:
मी फ्रान्समधील लेझूश येथील शाळेत होतो. सेसिल डविट-मोरेट यांनी १९५१ साली सुरू केलेली ही शाळा आल्प्समध्ये, मों ब्लांच्या पायथ्याशी आहे आणि सुरुवातीच्या काळात ती तब्बल दोन महिने चाले. आमच्या वेळी चार आठवडे होते. शिकवणारे आणि शिकणारे एकाच जागी राहतात, एकाच टेबलावर जेवतात, डोंगर चढायला एकत्र जातात. ज्यांची पुस्तके वाचून आपण घाबरलो त्यांना धाप लागलेली पाहिली की प्रश्न विचारण्याचे धाडस येते. जुना_खडू सरांना माझे उत्तर हेच आहे की व्याख्यान कोठेही मिळते, पण महिनाभर एकाच छताखाली राहणे मिळत नाही. अर्थात ते बेंगळुरूच्या वसतिगृहातही मिळू शकते, हे मला मान्य आहे.

जुना_खडू:
इंद्रधनू, मेणवली, आपले म्हणणे पटले. एका खोलीत येण्याचे मोल मी कमी लेखले होते. आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याबद्दल मला अनुभवाने काही सांगता येईल. शिकलेले टिकते ते दुसऱ्याला शिकवल्याने. मेणवली, तुम्ही ती ५० किलोमीटरची जाळी आणि फळ्यावरचे दोन छेद घेऊन तुमच्याच विभागातल्या एम.एस्सी.च्या मुलांसमोर उभ्या राहा. फार तयारी करू नका. मुलांना आपापले गाव नकाशावर शोधू द्या, पुढचा तास ती मुलेच घेतील. आणि त्या तिघा मित्रांना शुभेच्छा पाठवण्याऐवजी एक ठरावीक काम पाठवा. शाईचा_डाग यांचे 'एक पान' फार मोलाचे आहे.

उदगीरकर:
मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात संगणक जुने आहेत आणि मार्गदर्शकांचा विषय वेगळा आहे. अर्जासोबतचे ते एक पान कसे लिहायचे, मेणवलीताई? मी काहीच मोठे केलेले नाही. आमच्या घरी शेतात पर्जन्यमापक आहे आणि वडील २००६ पासून रोजचा पाऊस वहीत लिहितात, एवढेच माझ्यापाशी आहे.

मेणवली:
उदगीरकर, तुमच्यापाशी जे आहे त्यानेच पानाची सुरुवात करा. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच जागी मोजलेल्या इतक्या वर्षांच्या नोंदी निवड करणाऱ्यांना कोणत्याही मोठ्या शब्दांपेक्षा जास्त सांगतील. पहिल्या परिच्छेदात ती वही, दुसऱ्यात त्या वहीतून तुम्हांला पडलेला एक प्रश्न आणि तिसऱ्यात त्या प्रश्नासाठी शाळेत काय शिकायचे आहे, इतके पुरे. वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि आकडे संगणकावर उतरवायला आजच घ्या. मसुदा मला पाठवा, मी नक्की वाचेन.

उदगीरकर:
वडिलांना दाखवले. वही त्यांनी कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे.

मेणवली:
तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. जुना_खडू सरांच्या सांगण्याप्रमाणे मी विभागात तो सराव घेतला. नऊ विद्यार्थी आले. एकजण चिपळूणचा आणि एकजण कोरेगावचा निघाला, त्यामुळे सह्याद्रीचा छेद मला काढावाच लागला नाही, त्या दोघांनी मिळून काढला. "मग जाळी बारीक का करीत नाही?" असे एका मुलीने विचारले. जाळीचा चौकोन निम्मा केला की दोन्ही दिशांना चौकोन दुप्पट होतात आणि मॉडेल ज्या छोट्या-छोट्या कालावधींनी पुढे सरकते ती वेळेची पावलेही निम्म्या लांबीची करावी लागतात, म्हणजे काम आठपट वाढते, हे मी सांगितले. ५० वरून साडेबारा किलोमीटरवर यायला चौसष्टपट, हे तिने स्वतःच काढले. आमच्या विभागातील यंत्राला ते पेलेल का, यावर मुले तास संपल्यानंतरही बोलत होती.

आणि शाईचा_डाग, वार ठरला. शनिवार, आपल्या संध्याकाळी साडेसहा वाजता. तेव्हा नेपाळमध्ये पावणेसात, इथिओपियात दुपारचे चार आणि पेरूत सकाळचे आठ वाजलेले असतात. प्रत्येक वेळी एकाने आपला एक नकाशा आणायचा आणि तो कोठे चुकला आहे हे इतरांनी शोधायचे, एवढाच नियम केला आहे. पहिल्या बैठकीत मी साडेबारा किलोमीटरच्या जाळीवर चालवलेला पंधरा दिवसांचा पाऊस दाखवला. महाबळेश्वर आणि वाई आता वेगवेगळ्या चौकोनांत आहेत. वाईला अजूनही असतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त पाऊस पडतो आहे, पण डोंगराच्या पलीकडे प्रथमच एक फिकट पट्टा दिसतो आहे. येत्या शनिवारी पेरूचा डोंगर आहे.